पॅकिंग द्या, व्हॉल्व नको

काही गिऱ्हाइकांनी काय मागितलं यापेक्षा काय मागितलं नाही, तेच आधी कानावर पडतं. कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या अंगाला माझं ट्रकच्या स्पेअर पार्टचं दुकान आहे. मे महिन्यातल्या एका दुपारी एक ट्रेलरवाला आला, बीडकडचा. कोपरापर्यंत हात काळे, शर्ट घामाने पाठीला चिकटलेला.

"शेठ, थर्मोस्टॅटच्या झाकणाचं पॅकिंग द्या."

"आणि व्हॉल्व?"

"व्हॉल्व नको. काढून टाकला. घाटात गाडी हीट मारत होती."

असं गिऱ्हाईक मला नवीन नाही. पॅकिंग मागतो आणि व्हॉल्व मागत नाही, म्हणजे झाकण उघडलं, आतला व्हॉल्व, इंजिनाच्या पाण्याच्या वाटेतला थर्मोस्टॅटच, काढून टूलबॉक्समध्ये टाकला आणि रिकामं झाकण परत बसवायचंय, एवढं काउंटरवर बसल्या बसल्या कळतं. त्याचा तर्क ऐकायला बिनतोड वाटतो. गाडी गरम होते म्हणजे पाणी नीट फिरत नाही. पाण्याच्या वाटेत अडथळा कुठला, तर हा व्हॉल्व. मग काढा अडथळा. या तर्कात एकच चूक आहे, पण ती कळायला तो व्हॉल्व हातात घेऊन बघावा लागतो.

मी रॅकवरून एक काढून काउंटरवर ठेवला. तळहातावर मावेल एवढी वस्तू. मधे पत्र्याची गोल चकती, तिच्यावर कमान, खाली स्प्रिंग, आणि स्प्रिंगच्या पोटात पितळेचा एक छोटा कप, करंगळीच्या पेराएवढा. कपाच्या तळाशी आणखी एक लहान चकती. काठावर आकडा ठोकलेला असतो: ८२. मोठ्या डिझेल इंजिनांत हा आकडा पुष्कळदा दिसतो, काहींत ७९, ८३ किंवा ८८ही असतो. ८२ अंश सेल्सियसला हा व्हॉल्व उघडायला सुरुवात करतो, असा त्याचा अर्थ. पुरता उघडायला आणखी दहा-बारा अंश लागतात. म्हणजे ८२ ते ९५ या पट्ट्यात तो कुठेतरी अर्धवट उघडा असतो, आणि चालत्या गाडीत बराचसा वेळ त्याचा तिथेच जातो. बटणासारखा चालू किंवा बंद असा हा प्रकार नाही.

"ही खालची चकती कशाला आहे?" मी विचारलं. त्याला सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही दुकान सुरू केल्यावर बरीच वर्षं सांगता आलं नसतं. पण सगळं त्या खालच्या चकतीत आहे.

माझं गाव सांगली जिल्ह्यात. लहानपणी उसाला दारं धरायला, म्हणजे पाटाचं पाणी सरीसरीला वळवायला, चुलत्यांबरोबर जायचो. ज्यांनी दारं धरलीत त्यांना पुढचं दोन ओळींत समजेल. पाटाला पाणी सुटलेलं असतं, मोटर बंद करायची नसते. एका सरीला पाणी झालं की खोऱ्याने पुढच्या सरीचं दारं मोडायचं आणि आधीच्या सरीचं मातीने बांधायचं. दोन्ही कामं लागोपाठ करायची. पुढचं मोडलं आणि मागचं बांधायला विसरलात, तर पाणी जवळच्या, उताराच्या सरीतच ओतत राहतं आणि लांबची सरी कोरडी. चुलते ओरडायचे ते त्यावरूनच.

थर्मोस्टॅट हा इंजिनातला दारं धरणारा गडी आहे. पाणी तो थांबवत नाही, वळवतो.

इंजिनाचा वॉटर पंप फिरत्या इंजिनाबरोबर फिरतच असतो, त्याला सुट्टी नाही. तो कूलंट, म्हणजे रसायन घातलेलं पाणी, आधी इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, लायनरच्या (पिस्टन ज्यात वरखाली होतो त्या नळकांड्याच्या) भोवतीने ढकलतो, तिथून वर हेडमध्ये. हेडमधून गरम होऊन बाहेर पडलेल्या पाण्यापुढे दोन वाटा असतात. एक आखूड: थेट पंपाच्या तोंडाशी परत, रेडिएटरला हातही न लावता. तिला बायपास म्हणतात. दुसरी लांब: वरच्या होज पाइपातून रेडिएटर, त्याच्या बारीक नळ्यांतून खाली, वारा खाऊन थंड होऊन मग पंपाकडे. बहुतेक मोठ्या डिझेल इंजिनांत थर्मोस्टॅट बसतो तो बरोबर या फाट्यावर. वरची मोठी चकती रेडिएटरची वाट सांभाळते, खालची छोटी चकती बायपासची.

पहाटे पाचला न्हावा शेव्याच्या रस्त्याला ट्रेलर चालू केला, इंजिन गार आहे. वरची चकती स्प्रिंगने घट्ट बंद, खालची बायपासपासून दूर. पाणी ब्लॉक, हेड, बायपास, पंप, पुन्हा ब्लॉक असं आखूड फेऱ्यात फिरत राहतं. रेडिएटरमधलं पाणी बाजूला थंडगार उभं. त्यामुळे तापवायचं पाणी थोडं, आणि इंजिन लवकर तापतं. ८२ झालं की मोठी चकती फटीएवढी उघडते. थोडं गरम पाणी रेडिएटरकडे निघतं, तेवढंच थंड पाणी तिकडून पंपाकडे येतं. लोड वाढला, पाणी आणखी तापलं, फट मोठी होते. आणि कप खाली सरकेल तशी खालची छोटी चकती बायपासच्या तोंडावर येऊन बसू लागते. ९५च्या आसपास रेडिएटरची वाट सताड उघडी आणि बायपास बंद. पुढचं दारं मोडलं, मागचं बांधलं.

हे सगळं कोण करतं? मेण. ना वायर, ना सेन्सर, ना कंप्युटर. पितळेच्या त्या कपात मेण भरलेलं असतं, पेट्रोलियमपासून काढलेलं पॅराफिनच्या जातीचं, आणि ते नेमकं ज्या तापमानाला वितळायला हवं त्याप्रमाणे त्याचं मिश्रण केलेलं असतं. घट्ट मेण वितळून पातळ होताना फुगतं, साधारण दहा ते पंधरा टक्के. घरी मेणबत्तीचं मेण वाटीत वितळवून गार होऊ द्या, मधे खळगा पडलेला दिसेल. हीच गोष्ट उलट्या बाजूने. बंद कपात फुगायला जागा नसते, म्हणून मेण आतल्या रबरी पिशवीला दाबतं आणि पिशवी तिच्यात खोवलेल्या स्टीलच्या काडीला बाहेर पिळून काढते, ओल्या साबणाची वडी मुठीतून निसटावी तशी. पण काडीचं टोक वरच्या कमानीला टेकलेलं असतं, तिला जायला वाट नाही. मग काडीऐवजी कपच खाली ढकलला जातो आणि आपल्याबरोबर दोन्ही चकत्या घेऊन जातो. मेण गार होऊन आकसलं की स्प्रिंग सगळं परत वर आणते.

मेणाची एक खोड आहे, त्यातून उष्णता लवकर आत शिरत नाही. म्हणून त्यात तांब्याची पूड मिसळतात. तरीही पाणी तापल्यावर व्हॉल्व हलायला काही सेकंद जातात. चढ सुरू झाल्या झाल्या काटा थोडा वर जाऊन मग परत जागेवर येतो, तो याच उशिरामुळे. घाबरण्यासारखं त्यात काही नाही.

आधी, म्हणजे मोटारींच्या सुरुवातीच्या जमान्यात, हे काम पत्र्याच्या घडीदार डब्या करायच्या, आत चटकन उडून जाणारं द्रव भरलेल्या, हार्मोनियमच्या भात्यासारख्या. पण पुढे कूलिंग सिस्टीम दाबाखाली चालवायला लागले आणि बाहेरचा दाब त्या डबीला चेपू लागला. मग ती भलत्याच तापमानाला उघडायची. वितळणाऱ्या मेणाला बाहेरच्या दाबाचं फारसं सोयरसुतक नसतं. हा मेणाचा घटक १९३०च्या दशकात अमेरिकेत सर्जियस व्हर्नेट यांनी बनवला. तेव्हापासून आजच्या बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या नियमांतल्या, ट्रकपर्यंत तत्त्व तेच. ट्रकमध्ये इतकं काय काय इलेक्ट्रॉनिक झालं, हे मेण मात्र तसंच राहिलंय याचं मला अजून नवल वाटतं.

बीडवाल्याचा चेहरा पटलेला दिसेना. म्हटलं, बस, चहा मागवतो. चहा बाहेरून आला आणि आमच्या मागच्या खोलीतल्या शेगडीवर मी पातेल्यात पाणी ठेवलं. त्याच्या टूलबॉक्समधला जुना व्हॉल्व आणायला लावला. ही परीक्षा कुणीही घरी करू शकतो. व्हॉल्व बोटांनी थोडा ताणून उघडायचा, फटीत दोऱ्याचं टोक अडकवायचं आणि सोडायचं. स्प्रिंगने दोरा चिमटीत पकडला जातो. मग दोऱ्याने तो पाण्यात लटकवायचा. तळाला टेकू द्यायचा नाही, कारण तळ पाण्याहून जास्त तापलेला असतो आणि व्हॉल्व लवकर उघडून आपल्याला फसवतो. शेजारी थर्मामीटर. माझ्याकडे मिठाईवाले पाकाला वापरतात तो आहे.

पाणी ७० झालं, ७५ झालं. पातेल्याच्या कडेने बुडबुडे. ८० झालं तरी व्हॉल्व दोऱ्याला लोंबकळतोय. मी पैज लावण्याच्या बेतात होतो की हा ८४च्या आत पडणार. ८३ला दोरा सुटला आणि व्हॉल्व टुपकन तळाला गेला. पुढे पाणी उकळीला आलं तेव्हा चिमट्याने बाहेर काढून पाहिलं, चकती सेंटीमीटरभर खाली सरकलेली, सताड उघडी. बशीत ठेवला, तर चहा संपेपर्यंत हळूहळू मिटला.

"म्हणजे हा चांगलाय?" तो म्हणाला.

चांगलाच होता. चांगला व्हॉल्व काढून टाकला होता आणि गाडी तरीही गरम होत होती. ते का, याकडे येतो. पण आधी हिशेब.

मोठा ट्रेलर मालासकट ५५ टनांपर्यंत भरतो. असं धूड खोपोलीपासून खंडाळ्यापर्यंत पाचशे मीटर उंच उचलायचं, तेही सलग. इंजिन ३०० हॉर्सपॉवरचं धरू, म्हणजे साधारण २२० किलोवॉट. आता डिझेलमधली सगळी शक्ती चाकाला मिळत नाही. ढोबळ मानाने चाळीस टक्के क्रँकला, म्हणजे चाकाकडे जाणाऱ्या दांड्याला, पंचवीसेक टक्के पाण्यात, उरलेली बरीचशी सायलेन्सरमधून हवेत. क्रँकला २२० हवे असतील तर पाण्यात पडणारी उष्णता होते १३० किलोवॉटच्या घरात. घरातला गिझर दोन किलोवॉटचा असतो. म्हणजे घाट चढताना त्या इंजिनाच्या पाण्यात पासष्ट गिझर एकदम चालू आहेत, अर्धा तास. ही सगळी उष्णता रेडिएटरने वाऱ्याला द्यायची. इंजिनात शिरताना आणि बाहेर पडताना पाण्यात आठेक अंशांचा फरक धरला, तर सेकंदाला चार-पाच लिटर कूलंट रेडिएटरमधून जायला हवं. अख्ख्या सिस्टीममध्ये चाळीस लिटरच्या आसपास असतं. तेव्हा जवळपास दर दहा सेकंदांनी सगळं पाणी एक फेरा मारून येतं.

या घाईच्या वेळी थेंबन् थेंब रेडिएटरमधून जायला हवा. आणि नेमक्या याच वेळी, व्हॉल्व काढलेल्या गाडीत, बायपासचं दारं मोडकंच आहे. ते बांधणारी खालची चकती टूलबॉक्समध्ये पडलीये. हेडमधून निघालेल्या पाण्याला आखूड, रुंद, बिनअडथळ्याची वाट मोकळी मिळाली की ते रेडिएटरच्या बारीक नळ्यांत कशाला जाईल? काही जातं, पण चांगलाच मोठा हिस्सा गरमचा गरम परत इंजिनात येतो. लांबची सरी कोरडी. म्हणून व्हॉल्व काढल्यावर सपाटीला गाडी थंड वाटते, ड्रायव्हर खूश होतो, आणि घाटात अमृतांजन पुलाजवळ (पूल २०२० मध्ये पाडला, नाव काही जात नाही) काटा लाल पट्टीला टेकतो.

गॅरेजमध्ये यावर एक वेगळंच उत्तर ऐकायला मिळतं: व्हॉल्व नसला की पाणी जोरात पळतं, रेडिएटरमध्ये त्याला गार व्हायला वेळच मिळत नाही. चांगले चांगले मिस्त्री हे सांगतात, पण ते बरोबर नाही. पाणी जोरात पळालं तर एका फेरीत कमी गार होईल, हे खरं. पण फेऱ्याही तितक्याच जास्त होतात. शिवाय नळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पाणी गरम राहतं, त्यामुळे रेडिएटरचा सगळा भाग वाऱ्याला उष्णता देत राहतो. हळू चालवलं तर उलट खालचा अर्धा रेडिएटर गारच पडेल आणि वाया जाईल. पाण्याच्या वेगाला इथे दोष देऊ नये. दोष आहे रेडिएटर चुकवून जाणाऱ्या पाण्याचा.

काही मिस्त्रींना हे ठाऊक असतं. ते व्हॉल्व काढतात आणि बायपासच्या तोंडाला डमी ठोकतात. मग घाटात गाडी गरम होत नाही. पण आता दुसऱ्या टोकाची अडचण. सगळं पाणी सदोदित रेडिएटरमधून, गरज असो वा नसो. गाडी कधी धड तापतच नाही.

तापली नाही तर काय बिघडलं, असं विचारणारे बरेच भेटतात. आपल्याकडे थंड म्हणजे चांगलं अशी समजूत पक्की आहे. डिझेल इंजिनाला ती लागू पडत नाही. डिझेल पेटतं ते दाबाने तापलेल्या हवेत, ठिणगीने नाही. लायनरच्या भिंती गार असल्या की फवाऱ्यातलं काही डिझेल न जळता भिंतीवर चिकटतं, तेलाचा थर धुऊन काढतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या बाजूने खाली तेलाच्या चेंबरमध्ये उतरतं. तेल पातळ होतं. रिंगा आणि लायनर एकमेकांवर कोरडे घासतात. जळणातून तयार झालेली वाफ गार भिंतीवर दवासारखी जमते, तिच्यात गंधक मिसळून ॲसिड होतं. बीएस-६ डिझेलमध्ये गंधक १० पीपीएमवर आल्यापासून ॲसिडचा त्रास पूर्वीपेक्षा कमी झाला, पाण्याचा आणि डिझेलचा मात्र तसाच आहे. तेल चिकट काळ्या गाळासारखं होतं. आणि मालकाला ज्याचं सगळ्यात जास्त दुखतं ते, अ‍ॅव्हरेज, घसरतं.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं आणि प्रकरण अजून नाजूक झालं. आता इंजिनाचा कंप्युटर कूलंटचं तापमान सारखं बघत असतो. पाणी गारच आहे असं दिसलं की इंजिन अजून तापलेलं नाही असं समजून तो इंधनाचं गणित त्याप्रमाणे ठेवतो. ज्या गाड्यांत धुराची काजळी जाळून टाकणारा फिल्टर आहे, त्यांत ती जाळणी गार इंजिनात सुरूच होत नाही, फिल्टर तुंबत जातो. दिवा लागतो, पिकअप जातो, आणि मग आमच्याकडे लोक सेन्सर घ्यायला येतात. सेन्सर बिचारा खरं तेच सांगत असतो.

न्हावा शेव्याच्या रांगेत ट्रेलर तासन् तास इंजिन चालू ठेवून उभे असतात, विशेषतः केबिनला एसी असेल तर. (१ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, तेव्हा हे वाढणारच.) आयडलला डिझेल इंजिन इतकं कमी इंधन जाळतं की पावसाळ्यात उभ्या उभ्या पाणी गार होऊ लागतं. अशा वेळी चांगला व्हॉल्व जवळजवळ मिटून घेतो आणि इंजिनाची ऊब राखतो. घाट उतरतानाही तेच. खंडाळ्याहून खाली येताना इंजिन ब्रेकवर गाडी, डिझेल बंद, जुलैचा गार वारा आणि पाऊस समोरून रेडिएटरवर. व्हॉल्व नसलेल्या गाडीचा काटा खोपोलीला येईपर्यंत पार खाली. तिथून पुढे चौक, शेडुंगपर्यंत ती गार इंजिनावर धावते.

रेडिएटरचा पंखा हा या साखळीतला दुसरा गडी. मोठ्या ट्रकचा पंखा फिरवायला इंजिनाची बरीच ताकद जाते, म्हणून तो क्लचवर असतो, गरजेपुरताच जोडला जातो. नेम असा की आधी थर्मोस्टॅटने पुरतं उघडायचं, तेवढ्याने भागलं नाही तर पंखा पकडायचा. चढावर अचानक विमानासारखा घोंघाट सुरू होतो, तो पंखा पकडल्याचा. व्हॉल्व काढला की हा क्रम मोडतो.

मोठ्या इंजिनांत एकाच्या जागी दोन थर्मोस्टॅट असतात, कधी जास्तही, एकाच घरात शेजारी शेजारी. सेकंदाला चार-पाच लिटर पाणी एका छोट्या भोकातून काढणं अवघड, हे एक कारण. दुसरं, एक बंद अवस्थेत अडकला तरी दुसरा गाडीला गॅरेजपर्यंत तरी नेतो. बदलताना मात्र दोन्ही एकदम बदलावेत. एक जुना सुस्त आणि एक नवा तरतरीत असला की सगळा भार नव्यावर.

आता हा मरतो कसा. दोन तऱ्हा. रबरी पिशवी फाटली किंवा सील गेलं तर मेण हळूहळू बाहेर झिरपतं. मेण नाही म्हणजे ढकलणारं कुणी नाही, स्प्रिंग चकतीला बंदच ठेवते. इंजिन तापतं. या तऱ्हेला सगळे घाबरतात, आणि त्या भीतीपोटीच चांगलेही काढून टाकले जातात. दुसरी तऱ्हा कुणाच्या लक्षातही येत नाही: चकती आणि बैठकीच्या मधे क्षार, गंज नाहीतर सीलंटचा तुकडा अडकतो आणि व्हॉल्व कायमचा थोडा उघडा राहतो. गाडी कधी गरम होत नाही, म्हणून कुणी तक्रार करत नाही. तक्रार येते वर्षा-दीड वर्षाने, तेल खाते म्हणून.

क्षार येतात पाण्यातून. रेडिएटरमध्ये बोअरचं, टँकरचं, ढाब्यावरच्या पिंपातलं, जे मिळेल ते पाणी ओतायची सवय आहे. उन्हाळ्यात तळोजा एमआयडीसीकडून येणाऱ्या एका गाडीचा व्हॉल्व मी पाहिला होता. कपावर पांढरट पापुद्रा, नखाने खरवडला तर कपचा निघाला, गिझरच्या कॉइलवर असतो तसा. त्या पापुद्र्यातून उष्णता मेणापर्यंत पोचणार कधी? असा व्हॉल्व खराब झालेला नसतोच, त्याला उशिरा कळतं एवढंच. कूलंट वापरायचं ते केवळ बर्फ होऊ नये म्हणून नव्हे, आपल्याकडे बर्फ कुठे. त्यातली रसायनं गंज आणि क्षार रोखतात. आणि डिझेलचे लायनर प्रत्येक स्फोटाला थरथरतात, त्यांच्या बाहेरच्या अंगाला पाण्यात बारीक बुडबुडे होऊन फुटतात, आणि वर्षानुवर्षं फुटून फुटून लायनरला सुईएवढी भोकं पाडतात. तेही कूलंट बऱ्याच प्रमाणात टाळतं. साधं पाणी ते करू शकत नाही.

गाडीवरच बघायचं असेल तर वरच्या होज पाइपावर विश्वास ठेवा. सकाळी गार इंजिन चालू करा आणि पंख्यापासून हात लांब ठेवून अधूनमधून पाइपाला हात लावा. काटा ७०च्या पुढे गेला तरी पाइप गार असायला हवा. मग ८२च्या आसपास एकदम चटका बसेल असा गरम. असं झालं तर व्हॉल्व तंदुरुस्त. पाइप पहिल्यापासून कोमट होत गेला, तर व्हॉल्व उघडा अडकलाय किंवा आत नाहीच. काटा ९५च्या वर आणि पाइप अजून गार, तर बंद अडकलाय, इंजिन लगेच बंद करा. आणि झाकण उघडायची घाई करू नका. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही पाणीच असतं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि त्याची एका क्षणात वाफ होते. तोंड भाजलेला एक क्लीनर मी बघितलाय, पुन्हा बघायचा नाही.

एक फसवणूक काट्याचीही. पाणी गळून बरंच कमी झालं तर सेन्सर पाण्याऐवजी वाफेत किंवा हवेत लोंबतो, आणि काटा उलट खाली येतो. ड्रायव्हरला वाटतं, गार झाली.

व्हॉल्व बसवताना एक बारीक गोष्ट हमखास चुकते. चकतीला एक छोटं भोक असतं, त्यात सैल खिळ्यासारखी एक पिन हलत असते. लोक तिला कचरा समजून काढतात नाहीतर एम-सीलने बुजवतात. पाणी भरताना इंजिनातली हवा त्या भोकातून वर निघते. ती अडकली तर मेणाचा कप पाण्याऐवजी हवेच्या फुग्यात बसतो आणि उघडायलाच मागत नाही. व्हॉल्व उभ्या चकतीने बसणार असेल तर पिन वरच्या बाजूला यायला हवी. आणि मेणाचा कप इंजिनाकडे, कमान रेडिएटरकडे. उलटा बसवलेलाही मी पाहिलाय. बसवणाऱ्याचं नाव घेत नाही, तो हल्ली माझ्याकडूनच माल नेतो.

बीडवाल्याच्या गाडीचं पुढे काय निघालं? गरम होण्याचं मूळ दुकानात बसून कळणार नव्हतं, म्हणून मी त्याला गाडीकडे घेऊन गेलो. बॅटरी टाकून पंख्याच्या बाजूने रेडिएटर बघितला, तर ठीक वाटला. मग पुढून इंटरकूलर (इंजिनात जाणारी हवा गार करणारी जाळी) आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत बॅटरी मारली. तिथे चिंध्या, किडे आणि सिमेंटची धूळ यांची गोधडी झालेली. सहा महिने तो सिमेंट वाहत होता. वारा रेडिएटरपर्यंत पोचतच नव्हता. त्यात व्हॉल्व काढून बायपास मोकळा सोडलेला, म्हणजे आधीच कमी पडणाऱ्या रेडिएटरला पाणीही कमी. सर्व्हिस सेंटरवाल्याने पाण्याच्या प्रेशरने, आतल्या बाजूने बाहेर, धुऊन दिलं. दोनदा धुवावं लागलं.

संध्याकाळी तो परत आला. पॅकिंग नेलं होतंच, आता म्हणाला, "व्हॉल्वही द्या."

मी डब्यातून दोन काढले. त्याच्या इंजिनात दोन बसतात. एक तर त्याच्याकडे पातेल्यात पास झालेला होताच, पण दुसरा त्याने गाडी घेतली तेव्हापासून आतच नव्हता, आधीच्या मालकाने कधीतरी काढलेला.

त्याने दोन्ही हातात घेतले, किंमत विचारली, आणि एक परत काउंटरवर ठेवला.

"जुना चांगलाय ना? तुम्हीच म्हणालात. एकच घेतो."